तीन आकड्यांचा फोन कोणाच्या दारी वाजतो?

सुरतेला उधना-लिंबायतच्या बाजूला गेलात तर अहिराणी कानावर पडल्यावाचून राहत नाही. आपल्या खानदेशातली हजारो घरे पोटापाण्यासाठी तिकडे गेली आणि तिथलीच झाली. मात्र म्हातारे आईवडील बहुधा गावीच राहतात. समजा, असाच एक मुलगा रात्रीची पाळी करून कारखान्याबाहेर उभा आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या त्याच्या गावाहून शेजारणीचा फोन येतो : ‘भाऊ, तुनी मायले छातीमा दुखी ऱ्हायनं, बिगीबिगी काहीतरी कर.’ मुलगा शहाणा आहे. रुग्णवाहिकेचा नंबर त्याला पाठ आहे. तो तिथल्या तिथे १०८ फिरवतो. फोन लागतो, पलीकडचा माणूसही तत्पर आहे. पण तो बोलतो गुजरातीत, आणि त्याच्या यादीत शिंदखेडा नावाचा तालुकाच नाही.

यात चूक कोणाची? मुलाची नाही, त्या गुजराती भाऊंचीही नाही. आपण एक धरून चाललेलो असतो की १०८ म्हणजे १०८, कुठूनही फिरवा, एकाच दारी वाजणार. तसे ते नाही. आपल्या घरच्या फोनचा नंबर हा एका यंत्राचा पत्ता असतो. जळगावातून फिरवा, दिल्लीतून फिरवा, घंटा त्याच घरात वाजते. १०८, ११२, १०१ हे असे पत्ते नव्हेत. ‘जवळचा दवाखाना’ किंवा ‘जवळचे पोलीस ठाणे’ म्हणावे तशी ती खूण आहे. सुरतेत ‘जवळचा’ म्हटले की गुजरातचा, आणि दोंडाईच्यात म्हटले की महाराष्ट्राचा. एवढी एक गोष्ट मनाशी पक्की झाली, की पुढचे सगळे सोपे जाते.

आधी हे पाहू, की हे आखूड नंबर बहुतेक सगळे एकनेच का सुरू होतात. तुमच्या ओळखीचे सगळे फोन नंबर आठवून बघा. मोबाइलचे नंबर सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होतात. घरचे जुने तारेचे फोन बहुधा दोनने. बाहेरगावचा तारेचा फोन लावायचा तर आधी शून्य. जळगावचा ०२५७, धुळ्याचा ०२५६२, भुसावळचा ०२५८२, नंदुरबारचा ०२५६४. (जळगावचा क्रमांक आखूड म्हणून तिथले फोन सात आकडी, धुळ्याचा लांब म्हणून तिथले सहा आकडी, शून्य सोडून बेरीज दोन्हीकडे दहाच.) आता एक उरला. एकने कोणाच्याही घरचा नंबर सुरू होत नाही. ती सबंध पेठ सरकारने सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली आहे.

ही वाटणी काही आजची नव्हे. तबकडीचा फोन ज्यांनी वापरला आहे त्यांना आठवेल : बोट घालून तबकडी फिरवायची आणि सोडायची, मग ती कर्रर्र आवाज करीत परत यायची. त्या परतीच्या वाटेवर ती तारेतला प्रवाह जितका आकडा तितके वेळा तोडायची. पाच फिरवले तर पाच ठोके, शून्याला दहा. एकाला फक्त एक. आता पावसाळ्याच्या दिवसांत खांबावरच्या तारा वाऱ्याने एकमेकींना चाटल्या, किंवा कोणी रिसीव्हर नुसता टेकवून उचलला, तरी एक्स्चेंजला वाटायचे की एक फिरला! अशा भुताटकीच्या एकाने कोणा गृहस्थाच्या घरी घंटा वाजू नये, म्हणून एक हा आकडा घरांना द्यायचाच नाही अशी रीत बऱ्याच देशांत पडली. आपल्याकडेही फोन खात्याची स्वतःची कामे त्याच पेठेत बसली. १८० फिरवला की ट्रंक कॉल नोंदवायचा, १९७ फिरवला की कोणाचा नंबर विचारायचा, १९८ वर बिघाडाची तक्रार. ज्यांनी मुंबईचा ट्रंक नोंदवून दुपारभर फोनापाशी बसून काढली आहे, आणि शेवटी वैतागून ‘अर्जंट’ नाहीतर ‘लायटनिंग’चे जादा पैसे भरले आहेत, त्यांना १८० काही विसरता यायचा नाही. २५ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये देशातला पहिला थेट बाहेरगावचा फोन लागला. मग हळूहळू ट्रंकची खिडकी ओस पडत गेली. आज त्याच १८०च्या घरात १८००चे बिनपैशाचे नंबर राहायला आले आहेत.

त्या काळी आखूड नंबर ही मोठी मिरवण्याची गोष्ट होती. तालुक्याच्या गावी हाताने जोडणी करणारे लहानसे एक्स्चेंज, त्यावर पंचवीस-पन्नास फोन. मग आडत्याच्या पाटीवर ऐटीत ‘फोन नं. ७’ असे रंगवलेले असायचे. नंबर जितका लहान तितकी पेढी जुनी. लोक वाढले, नंबर लांबत गेले, आणि आखूडपणाचा मान पेढ्यांकडून सार्वजनिक सेवांकडे आला. हे फार चांगले झाले असे मला वाटते. कापसाच्या गाड्या कोणाच्या वखारीत उतरल्या हे लक्षात ठेवायला वेळ असतो. घर पेटले असता मात्र दहा आकडे आठवत बसायला कोणालाच वेळ नसतो.

किंबहुना या सगळ्या प्रकाराची सुरुवातच एका आगीतून झाली. लंडनमध्ये विंपोल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर नोव्हेंबर १९३५ मध्ये एका घराला आग लागली आणि पाच बायका दगावल्या. शेजाऱ्याने फोन उचलला होता. पण ऑपरेटरच्या फळ्यावर नेहमीचे फोनही लागलेले आणि हाही त्यांच्यातच लागलेला. कोणता फोन आगीचा आणि कोणता गप्पांचा हे ऑपरेटरला कळणार कसे? त्या गृहस्थाने वर्तमानपत्रात पत्र लिहून गाऱ्हाणे मांडले, चौकशी समिती बसली, आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा नंबर सुरू झाला. तो फिरला की ऑपरेटरच्या खोलीत दिवा पेटायचा आणि भोंगा वाजायचा. १११ का नाही घेतला? तर आत्ताच सांगितलेल्या तारांच्या भुतामुळे. न्यूझीलंडने मात्र १९५८ मध्ये १११ घेतला. तिथल्या तबकडीवर आकडे उलटे मांडलेले असल्यामुळे एक फिरवला तरी ठोके नऊच पडत! अमेरिकेत ९११ वरचा पहिला फोन अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल या लहान गावातून १६ फेब्रुवारी १९६८ रोजी लागला. युरोपातल्या देशांनी पुढे ११२ धरला, आणि मोबाइल निघाला तेव्हा त्याच्या मूळ रचनेतच ११२ ला खास जागा मिळाली. म्हणून मोबाइलचे कुलूप न उघडताही तो फिरवता येतो. आणि आपल्या कंपनीचे जाळे नसले, पण दुसऱ्या कंपनीचे असले, तर फोन त्या दुसऱ्याच्या मनोऱ्यावरून जाण्याची सोय त्या रचनेतच आहे. सातपुड्याच्या घड्यांमध्ये कुठलेच जाळे पोहोचत नाही अशा जागी अर्थातच ११२ काही करू शकत नाही. तिथे टेकडावर चढणे हाच उपाय.

आपल्याकडे १०० पोलीस, १०१ आगीचा बंब आणि १०२ रुग्णवाहिका अशी जुनी वाटणी. १०२ आता मुख्यत्वे बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांची ने-आण करतो. १०८ ची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली, गुजरातेत २००७ मध्ये आली, आणि महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत. तेव्हा आपल्या राज्यासाठी ९३७ गाड्या होत्या आणि गाडीवर डॉक्टर असावा असे ठरले होते. ११२ हा या सर्वांचा थोरला भाऊ. एकच नंबर फिरवा. पोलीस, बंब, रुग्णवाहिका, जे लागेल ते पलीकडून जोडून मिळेल, अशी कल्पना. हिमाचल प्रदेशात तो २०१८ मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्रात २०२१ मध्ये.

आता तीन आकडे दाबल्यावर पुढे काय होते ते पाहा. तुम्ही पारोळ्याच्या एखाद्या शेतातून १०८ लावलात. फोन आधी जवळच्या मनोऱ्यावर जातो, तिथून कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये. एक्स्चेंजमध्ये एक तक्ता भरलेला असतो : या भागातल्या मनोऱ्यावरून १०८ आला तर तो अमुक लांब नंबरावर वळवावा. म्हणजे आखूड नंबराच्या मागे नेहमीचा लांबलचक नंबर दडलेला असतोच. आखूड नंबर हे त्याचे टोपणनाव. हा तक्ता प्रत्येक कंपनीला आपापल्या एक्स्चेंजमध्ये भरावा लागतो. एखाद्या कंपनीने तो भरला नाही, किंवा चुकीचा भरला, तर शेजाऱ्याच्या फोनवरून लागणारा नंबर तुमच्या फोनवरून लागत नाही. अशा वेळी ‘सरकारी नंबर, चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नये. तक्रार करायची ती आपल्या फोन कंपनीकडे.

महाराष्ट्रात १०८ चा फोन पुण्याच्या केंद्रात वाजतो आणि ११२ चा नवी मुंबईतल्या. ११२ चे जोडकेंद्र नागपूरला. तिथला माणूस फोन घेतो, काय झाले ते लिहून घेतो, आणि जिल्ह्यातल्या गाडीला निरोप धाडतो. पाहा बरे याचा अर्थ काय होतो! तुमचा फोन घेणाऱ्याने जळगाव पाहिलेले असेलच असे नाही. ‘मेहरूणच्या तलावापाशी या’ किंवा ‘पांझरेच्या पुलाखाली आहे’ एवढ्याने त्याला काही उमगत नाही. आपल्याकडे पिंप्री नावाची गावे किती! तुम्ही घाईत नुसते ‘पिंप्रीहून बोलतोय’ म्हणालात, तर पुण्यात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्याने कोणती पिंपरी उभी राहील? वडगाव, वरखेडी, शिरूड यांचीही तीच गत. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि शेवटी खूण. पाकिटावर पत्ता लिहितो त्याच्या नेमके उलट. महामार्गावर असाल तर कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा वाचून सांगावा. त्याहून चांगली खूण नाही. आणि अहिराणीत बोलायची लाज मुळीच बाळगू नये, फक्त थोडे सावकाश बोलावे. काय झाले, किती जणांना झाले, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. विचारतील तेवढे सांगावे. ‘प्रश्न कसले विचारता, आधी गाडी पाठवा’ म्हणून रागावणारे पुष्कळ. पण गाडी कोणती पाठवायची हे त्या उत्तरांवरच ठरते. आपण स्वतः फोन ठेवू नये. त्यांनी ठेवा म्हटल्यावर ठेवावा, आणि नंतर तो फोन मोकळा ठेवावा. गाडीचा चालक वाट विचारायला त्याच नंबरावर फोन करतो, आणि नेमके तेव्हा आपण मामांना, काकांना, साडूला कळवीत बसलेलो असतो!

खानदेशचे दुखणे निराळे आहे, ते सीमेचे. उत्तरेला मध्य प्रदेश, पश्चिमेला गुजरात. रावेरपासून बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर. शिरपूरच्या पुढे पळासनेर ओलांडले की बिजासनचा घाट आणि सेंधवा. मोबाइलच्या लाटांना राज्याची सीमा ठाऊक नसते. ज्या मनोऱ्याची हाक मोठी त्याला फोन बिलगतो. सीमेलगतच्या गावात फोन पलीकडच्या मनोऱ्याला चिकटलेला असेल, तर तुमचा फोन भोपाळच्या बाजूला वाजण्याचा संभव असतो. हा काही कागदावरचा प्रश्न नाही. याच पळासनेरजवळ, मुंबई-आग्रा रस्त्यावर, ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर वाहनांना धडकून हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. अशा जागी राहणाऱ्याने, तिथे धाबा चालवणाऱ्याने, तिथून रोज गाडी हाकणाऱ्याने काय करावे? फोन लागताच पहिले वाक्य हे म्हणावे : ‘मी महाराष्ट्रातून, धुळे जिल्ह्यातून बोलतो आहे.’ पलीकडचा माणूस दुसऱ्या राज्यातला निघाला तर वाद न घालता जोडून देण्याची विनंती करावी, आणि दुसऱ्या कोणाला तोवर जवळच्या पोलीस ठाण्याचा लांब नंबर लावायला सांगावे. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा आणखी एक नंबर आहे. रस्त्यावर बंद पडलेली गाडी, अपघात, यासाठी तो आहे.

पुराच्या वेळचा नंबर १०७७. जिल्हाधिकारी कचेरीतल्या नियंत्रण कक्षात तो वाजतो, राज्याचा कक्ष १०७०. तापी-गिरणाकाठच्या लोकांनी हा जरूर लक्षात ठेवावा. मात्र १०७७ ची जात १०८ पेक्षा वेगळी आहे. १०८ राज्यात कुठूनही फिरवा, एकाच केंद्रात जातो. म्हणजे पुण्यातल्या लेकीने चाळीसगावच्या बापासाठी पुण्यातून १०८ फिरवला तरी चालतो, फक्त गाडी कुठे हवी ते नीट सांगावे. १०७७ मात्र ज्या जिल्ह्यातून फिरवाल त्या जिल्ह्याच्या कचेरीत. पुण्यातून फिरवाल तर पुणे. बाहेरगावाहून लावायचा असेल तर त्या जिल्ह्याचा एसटीडी क्रमांक आधी जोडून मग १०७७ लावण्याची रीत आहे.

आता काही वाचक म्हणतील, हे सेवा घेणाऱ्यांचे झाले; आमची संस्था आहे, रक्तपेढी आहे, आम्हाला असा नंबर हवा असेल तर? हा प्रश्न पुष्कळ कार्यकर्ते विचारतात, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

पहिल्यांदा गणित बघा. एकने सुरू होणारे तीन आकडी नंबर किती? १०० पासून १९९ पर्यंत, फक्त शंभर. सगळ्या देशाला मिळून शंभर! आणि त्यातला एक कोणाला दिला की त्याच्या पोटातले दहा चार आकडी नंबर गेलेच. १०८ दिला म्हणजे १०८० ते १०८९ यांतला एकही कोणाला देता येत नाही. कारण तारेच्या फोनवर १०८ फिरताच एक्स्चेंज जोडून मोकळे होते, चौथ्या आकड्याची वाट बघत नाही. उलट १०९ कोणाला न देता फोडला, म्हणून त्यात १०९१ आणि १०९८ दोघे राहू शकले. १०७ फोडला म्हणून १०७० आणि १०७७. शेताचे तुकडे पाडण्यासारखेच हे. म्हणून हे वाटप तालुक्याला वा जिल्ह्याला होत नाही. दिल्लीचे दूरसंचार खाते ते स्वतः करते. त्यासाठी २००३ सालचा राष्ट्रीय क्रमांक आराखडा आहे. आणि असे आखूड नंबर केवळ सरकारी संस्थांनाच द्यावेत, दिलेले वापरात आहेत की नाहीत याची दरवर्षी तपासणी व्हावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, फेब्रुवारी २०२५ मध्ये केली.

खाजगी प्रयत्नातून असा नंबर उभा राहिल्याचे सर्वांत सुंदर उदाहरण मात्र आपल्या मुंबईचेच आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया या प्राध्यापिका होत्या. रस्त्यावरच्या मुलांमध्ये काम करताना त्यांना कळले की ही पोरे रात्री-अपरात्री अडचणीत सापडतात आणि त्यांना हाक मारायला कोणी नसते. १९९६ मध्ये संस्थेचा प्रयोग म्हणून मुलांसाठी फोनसेवा सुरू झाली. नंबर मिळाला १०९८. पोरांनी तो ‘दस-नौ-आठ’ असा म्हणायला घेतला. उलटी मोजणी! ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही दहा, नऊ, आठ म्हणता येते. हॉटेलात बशा धुणाऱ्या मुलाच्या तोंडी सहज बसेल असा नंबर. याहून चांगली योजना मोठमोठ्या जाहिरातवाल्यांना सुचली नसती. पुढे तो देशभर पसरला. २०२३ पासून केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने तो राज्यांच्या मदतीने चालवायला घेतला आणि ११२ शी जोडला. भुसावळसारख्या जंक्शनवर गाडीतून उतरलेले, भेदरलेले, एकटे पोर दिसले तर दस-नौ-आठ फिरवावा. पोराने स्वतःच फिरवला पाहिजे असे नाही.

तेव्हा ज्या संस्थेला नंबर हवा तिने आधी स्वतःला चार प्रश्न विचारावे. काम सबंध राज्याचे किंवा देशाचे आहे का? संबंधित सरकारी खाते पाठीशी उभे राहील का? कारण मागणी त्या खात्याच्या वाटेने गेली तरच तिला वजन. नंबर मिळाल्यावर तो कोणत्या लांब नंबरावर उतरणार, आणि तिथे रात्री तीन वाजता फोन उचलायला माणूस आहे का? आणि प्रत्येक फोन कंपनीच्या मागे लागून तो उघडून घेण्याची चिकाटी आहे का? दूरसंचार खात्याने पत्र दिले म्हणजे नंबर वाजू लागला असे नव्हे. वर सांगितलेला तक्ता प्रत्येक कंपनीत भरला जाईपर्यंत तो नंबर कागदावरच. मला विचाराल तर तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. न उचलला जाणारा आखूड नंबर हा नंबर नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्याच्या भरवशावर दुसरीकडे हाक मारीत नाही.

धुळ्याच्या किंवा जळगावच्या एकाच शहरात काम करणाऱ्या संस्थेला याची गरजही नसते. तिने १८०० चा नंबर घ्यावा. तो फोन कंपनीकडून मिळतो, त्याचे पैसे संस्था भरते, करणाऱ्याला फुकट. १८६० ने सुरू होणारा नंबर त्याचाच भाऊ वाटतो, पण त्याला करणाऱ्यालाही पैसे पडतात. किंवा आणखी सोपे : साधाच एक नंबर, पण लक्षात राहील असा निवडून घ्यावा आणि पंचवीस वर्षे बदलू नये. जुनी रक्तपेढी, जुना वैद्य, यांचे नंबर लोकांना पाठ असतात ते काही आखूड म्हणून नव्हे.

नंबर बदलण्याच्या मौजा पाहाव्या. शेतकऱ्यांसाठी किसान कॉल सेंटर २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झाले तेव्हा नंबर होता १५५१. आता तो १८००-१८०-१५५१. आखूड होता तो लांबला. पण शेपटीला जुना नंबर ठेवला ही मात्र चतुराई. केळीवर करपा आला, कापसावर बोंडअळी दिसली, तर सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत तिथे मराठीत विचारता येते. गुरेढोरे आजारी पडली तर १९६२ आहे. वीज गेली तर १९१२. रेल्वेचे पूर्वी अर्धा डझन नंबर होते. चौकशीचा वेगळा, तक्रारीचा वेगळा. ते एकामागून एक १३९ मध्ये विलीन झाले. महिलांसाठी १८१. मनाची तळमळ असह्य झाली तर १४४१६, हा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, वृद्धांसाठी १४५६७. एवढे सगळे कोणाच्या लक्षात राहणार, असे तुम्ही म्हणाल तर ते रास्तच आहे, आणि म्हणूनच ११२ काढावा लागला.

एका नंबराबद्दल मात्र आखडते घेऊन चालणार नाही. तो १९३०. फोनवरून फसवून बँकेतले पैसे कोणी काढून नेले तर हा फिरवायचा. २०२१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा सहा आकडी होता, १५५२६०. घाबरलेल्या माणसाला तो आठवेना, म्हणून चार आकडी केला. चोराने नेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पळत असतात. १९३० वर नोंद झाली की ज्या ज्या बँकेतून ते गेले तिथे तिथे निरोप जातो, आणि ज्या खात्यात अजून असतील तिथे ते गोठवता येतात. ते एकदा रोकड होऊन बाहेर पडले की मग पोलीसही हात चोळत बसतात. म्हणून पहिला तास मोलाचा. दिवाळीनंतर कापसाचे पैसे खात्यावर आलेले असतात, मुलीचे लग्न ठरलेले असते, आणि नेमका तेव्हा ‘तुमचे खाते बंद होते आहे’ असा फोन येतो. फसलो हे कळल्यावर माणूस शरमेने दोन दिवस घरात कोणाला सांगत नाही. चोराला हवे असतात ते हेच दोन दिवस! फोन करताना खाते क्रमांक, पैसे गेल्याची वेळ, रक्कम, आणि बँकेच्या संदेशातला व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा.

याच संदर्भात आणखी थोडे. ११२, १९३० हे तुम्ही फिरवायचे नंबर. तिथून कोणी तुम्हाला फोन करून ओटीपी मागत नाही. १४० ने सुरू होणारा फोन आला तर तो जाहिरातीचा. नको असतील तर १९०९ वर नोंद करावी. बँकांनी ग्राहकांना करायच्या फोनसाठी २०२४ पासून १६०० ची मालिका ठरवली गेली आहे. आणि कोणी फोनवर गोड बोलून ‘तारा, चारशे एक, तारा आणि मग हा नंबर दाबा’ म्हणाला तर मुळीच दाबू नये. ती मदतीची खूण नव्हे. तुमचे येणारे फोन दुसऱ्याकडे वळवण्याची ती आज्ञा आहे, आणि मग तुमचे ओटीपी तो ऐकतो.

साधा कळांचा मोबाइल असलेल्या म्हातारीला एक गोष्ट शिकवून ठेवावी. २०१७ पासून विकल्या गेलेल्या फोनांत, सरकारच्या नियमाप्रमाणे, पाच किंवा नऊची कळ दाबून धरली की संकटाचा फोन लागण्याची सोय असते. काचेच्या फोनात बाजूचे चालू-बंदचे बटण तीनदा लागोपाठ दाबावे लागते. आपल्या फोनात नेमके काय चालते ते विकणाऱ्याला विचारून घ्यावे. गंमत म्हणून मात्र दाबून बघू नये.

आता त्या सुरतेच्या मुलाकडे परत जाऊ. त्याने काय करायला हवे होते? सर्वांत जवळचा उपाय असा, की फोन करणाऱ्या शेजारणीलाच सांगायचे : ‘मावशी, तुम्ही तिथून एकशे आठ लावा, मी लाइनीवर थांबत नाही.’ तिचा फोन महाराष्ट्रातल्या मनोऱ्यावरून जाईल आणि पुण्याला वाजेल. मनगटावर गाव, तालुका, जिल्हा गोंदवून घ्यायला नको. पण आईच्या घरी फोन ठेवायच्या कोनाड्याशेजारी भिंतीवर खडूने नव्हे, रंगाने, मोठ्या अक्षरांत एवढे लिहून ठेवता येते : जिल्हा धुळे, तालुका शिंदखेडा, गावाचे नाव, घराची खूण. त्याखाली १०८, ११२. त्याखाली जवळच्या पोलीस ठाण्याचा आणि सरकारी दवाखान्याचा लांब नंबर, एसटीडी क्रमांकासकट. हेच लांब नंबर मुलाने सुरतेत आपल्या फोनातही भरून ठेवावे. राज्याबाहेरून थेट त्याच दारी वाजणारे तेवढेच. आणि गावातल्या एका गाडीवाल्याचा नंबर, कारण पावसात नाल्याला पाणी आले की रुग्णवाहिका पलीकडेच थांबते आणि तिथपर्यंत खाटेवरून न्यावे लागते. लिहून झाले की शेजारच्या शाळकरी पोराला बोलावून ते मोठ्याने वाचायला सांगावे. त्याला न अडखळता वाचता आले नाही, तर पुन्हा रंगवावे.